दुखरा खांदा आणि स्नायूंची श्रमविभागणी

घाटावरील माल बोरघाट उतरून पनवेलास यावयाचा व तेथून खाडीमार्गे मुंबईस जावयाचा, हा क्रम एके काळी वर्षानुवर्षे चालू होता. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा या वाहतुकीस वेग आला. १८६३ साली घाटातून रेल्वे धावू लागली, तेव्हा तिचा जोर ओसरला. १८५२ साली नगरपालिका लाभलेल्या या गावात २०१६ साली महानगरपालिका स्थापन झाली. बंदर मागे पडले, बैलगाड्या गेल्या. कळंबोलीचा पोलाद बाजार आला, तळोज्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली, चहूबाजूंनी इमारतींची कामे सुरू झाली. ओझे वाहून नेण्याची साधने अशी पार बदलली. तथापि, ओझे वाहनावर चढविण्याचे व उतरविण्याचे काम आजही पुष्कळ ठिकाणी माणसाच्या खांद्यावरच आहे.

शहरापासून थोड्या अंतरावर गेले की श्रमाचे स्वरूप बदलते, पण खांद्याची सुटका होत नाही. प्रबळगड व कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकूर आणि कातकरी वाड्यांतील स्त्रिया लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन उतरतात. भातशेतीत आवणीच्या वेळी पाठ वाकते आणि झोडणीच्या वेळी भाताचा भारा डोक्यावर नेऊन पुनःपुन्हा आपटावा लागतो. मासळीची पाटी, पाण्याचा हंडा, सिमेंटची गोणी, रंगाऱ्याचा कुंचला, शिक्षकाचा खडू आणि कचेरीतील संगणक या सर्वांचा भार कमीअधिक प्रमाणात एकाच सांध्यावर येऊन पडतो.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या दुखण्यास सामान्यतः जुनाट दुखणे म्हणतात. खांद्याचे जुनाट दुखणे प्राणघातक नसते. म्हणूनच त्याची दखल घेतली जात नाही. मोडलेला हात गळ्यात बांधलेला दिसतो, तापलेले अंग हाताला लागते. दुखरा खांदा मात्र बाहेरून इतर खांद्यांसारखाच दिसतो. पूर्वी लीलया गोणी उचलणारा कामगार ती उचलण्यास कचरू लागला, की त्याला कामचुकार ठरविणे सोपे असते. रोजंदारीवर पोट असलेल्या माणसाला या एका शब्दामुळे काम गमवावे लागते, आणि काम जाईल या भीतीने दुखणे लपविणारा माणूस ते वाढवून घेतो. अशा खांद्यात प्रत्यक्ष काय बिघडते, हे समजून घेणे त्यामुळे केवळ वैद्यांचे काम राहत नाही. कामाची मांडणी ज्यांच्या हाती असते त्या अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनीही ते जाणून घेणे अगत्याचे आहे.

सांध्याची रचना

शरीरात खांद्याइतका मोकळा सांधा दुसरा नाही. हात पुढे, मागे, बाजूला व डोक्यावर नेता येतो, स्वतःभोवती फिरविताही येतो. हे स्वातंत्र्य फुकट मिळालेले नाही. मांडीच्या हाडाचा गोल माथा खोल खोबणीत बसलेला असतो. दंडाच्या हाडाचा माथा मात्र उथळ वाटीवर टेकलेला असतो. शाळेतील लिंबू-चमच्याच्या शर्यतीत मोठे लिंबू लहान चमच्यावर जसे तोल सांभाळून राहते, तशी ही स्थिती असते. ज्या पात्यावर ही वाटी असते ते खांद्याचे पाते म्हणजे अंसफलक, तेही धडाशी घट्ट जखडलेले नसते. गळ्याखालील जत्रुक या आडव्या हाडाचा एक आधार सोडला, तर ते स्नायूंच्याच बळावर पाठीवर तरंगत असते.

या सांध्याची भिस्त अशा रीतीने हाडांपेक्षा स्नायूंवर अधिक आहे. स्नायूंचे तीन गट येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला गट हात उचलणाऱ्यांचा. त्यात खांद्याला गोलाई देणारा डेल्टॉइड हा प्रमुख होय. दुसरा गट सांध्यालगतच्या चार लहान स्नायूंचा. त्यांच्या कंडरा दंडाच्या माथ्याभोवती कफासारख्या वेढलेल्या असतात आणि माथा वाटीत दाबून धरणे हे त्यांचे मुख्य काम असते. यांतील सुप्रास्पायनॅटस हा स्नायू दुखण्यात सर्वांत अधिक सापडतो. तिसरा गट पात्याला फिरविणाऱ्यांचा. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पतंगाच्या आकारात पसरलेला ट्रॅपेझियस आणि बरगड्यांवरून पात्याच्या खालून जाणारा सेरेटस अँटेरियर हे दोघे मिळून पाते वर वळवितात.

हात खालून डोक्यापर्यंत नेताना तो सुमारे १८० अंशांतून फिरतो. त्यांपैकी ढोबळमानाने १२० अंशांची हालचाल मूळ सांध्यात होते व उरलेली ६० अंशांची पात्याच्या वळण्यामुळे मिळते. व्हर्न इनमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे प्रमाण मांडले. पाते वेळेवर वळले नाही, तर वाटी मागे राहते, हात पुढे जातो आणि दोहोंचा मेळ चुकतो. बैलजोडीतील एक बैल मागे रेंगाळला की सारा भार दुसऱ्याच्या मानेवर येतो, तसेच येथे घडते.

भाराचा हिशेबही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. साठ किलो वजनाच्या माणसाचा एक हात सुमारे तीन किलोंचा असतो. तो बाजूला आडवा धरला, तर त्याचा गुरुत्वमध्य सांध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येतो. स्नायूंची ओढ मात्र सांध्यापासून जेमतेम तीन सेंटिमीटरवर लागते. तरफेच्या नियमाप्रमाणे तीन किलोंचा रिकामा हात तोलण्यासाठी स्नायूंना ३० किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो. ताठ हातात एक किलोची वस्तू धरली, तर आणखी सुमारे २० किलोंची भर पडते. तीच वस्तू कोपर दुमडून अंगालगत धरली, तर हा भार कितीतरी घटतो. किती उचलले यापेक्षा अंगापासून किती दूर व किती उंच उचलले, यावर खांद्याचे सुखदुःख अधिक अवलंबून असते ते यामुळेच.

स्नायूंचे बोलणे

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्यात सूक्ष्म विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होतो. इटलीतील लुइजी गॅल्व्हानी यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बेडकाच्या पायावर केलेल्या प्रयोगांपासून वीज व स्नायू यांच्या संबंधाचा शोध सुरू झाला. विसाव्या शतकात त्यातून इलेक्ट्रोमायोग्राफी, म्हणजेच स्नायूंच्या विद्युत्‌क्रियेचे आलेखन, ही पद्धती विकसित झाली. त्वचेवर लहान चकत्या चिकटवून किंवा बारीक सुई स्नायूत घालून हा आलेख घेतात. कोणता स्नायू केव्हा जागा झाला, किती जोराने चालला व केव्हा थांबला, हे त्यावरून कळते. वेदना मोजता येत नसली, तरी वेदनेच्या छायेत स्नायू कसे वागतात हे अशा रीतीने दृष्टीस पडू लागले.

दुखऱ्या खांद्याचे आलेख पाहताना एक गोष्ट प्रथमच ध्यानी येते. खांदा दुखतो म्हणून त्याचे सर्व स्नायू मंदावलेले असतील, ही समजूत बरोबर नाही. काही स्नायू कमी काम करतात, तर काही गरजेपेक्षा अधिक. एकूण श्रम घटण्याऐवजी श्रमांची वाटणीच बदललेली असते.

या संदर्भात पॉला लुडविग व थॉमस कुक यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास लक्षणीय आहे. त्यांनी अमेरिकेतील ५२ बांधकाम कामगारांची तपासणी केली. डोक्याच्या वर हात नेऊन काम करणे हा या सर्वांचा नित्यक्रम होता. त्यांपैकी २६ जणांचा खांदा दुखत होता व २६ जणांचा दुखत नव्हता. हात उचलताना दुखऱ्या गटात ट्रॅपेझियसचा वरचा भाग अधिक जोराने चालतो, तर सेरेटस अँटेरियर मंदावतो, असे आढळून आले. परिणामी पाते पुरेसे वर वळत नव्हते व त्याचा कल पुढे झुकत होता. अशा माणसाची लकब नीट पाहणाऱ्यास ओळखू येते. हात वर नेण्याआधी तो खांदाच कानाकडे उचलतो. बरगडीवरचा स्नायू जे काम टाळतो, ते मानेवरच्या स्नायूला करावे लागते. खांद्याचे दुखणे कालांतराने मानेत चढते, त्याचे एक कारण यात असू शकते.

हलक्या कामाचा भार

जड काम करणाऱ्याचाच खांदा दुखतो, असे मात्र नाही. दिवसभर खुर्चीत बसणारे लिपिक, शिवणयंत्रावर काम करणाऱ्या स्त्रिया, कारखान्यात हलक्या वस्तूंची पाकिटे भरणाऱ्या कामगार यांनाही हे दुखणे जडते. वजन नाही, तर दुखणे कशाचे, असा प्रश्न साहजिकच पडतो.

प्रत्येक स्नायू असंख्य तंतूंचा असतो व हे तंतू तुकड्यातुकड्यांनी कामास लागतात. काम हलके असले की आधी लहान तुकड्या जाग्या होतात आणि भार वाढला की मोठ्या तुकड्या मदतीस येतात. भार उतरला म्हणजे मोठ्या तुकड्या आधी थांबतात, लहान शेवटी. सर्वांआधी उठणाऱ्या आणि सर्वांच्या शेवटी निजणाऱ्या घरातील थोरल्या सुनेप्रमाणे या लहान तंतूंना दिवसभर उसंत मिळत नाही. काम हलके असल्याने माणसाला थकवा जाणवत नाही; पण ते काम त्याच त्या तंतूंवर तासन्‌तास पडत राहते. स्वीडनमधील गोरान हेग यांनी १९९१ साली या कल्पनेस परीकथेतील राबणाऱ्या मुलीवरून सिंड्रेलाचे नाव दिले.

नॉर्वेतील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात पाकिटे भरणाऱ्या स्त्री कामगारांचे आलेख घेतले, तेव्हा या विचारास पुष्टी मिळाली. ज्यांच्या ट्रॅपेझियसला कामाच्या ओघात क्षणभराच्या विसाव्याच्या जागा कमी मिळत होत्या, त्यांना पुढे दुखणे जडण्याचा संभव अधिक दिसला. हे विसावे एका सेकंदाहूनही लहान असतात. मनावर ताण असला, घाई असली, वरिष्ठांचा धाक असला, तर हात स्थिर असतानाही ट्रॅपेझियस पुरता सैल पडत नाही, हेही प्रयोगांत दिसून आले आहे. कचेरीतील वातावरणाचा खांद्याशी असा प्रत्यक्ष संबंध आहे.

हात खांद्याच्या पातळीवर बराच वेळ धरून ठेवल्यास आणखी एक गोष्ट घडते. सुप्रास्पायनॅटस हाडांच्या अरुंद जागेत बसलेला असल्याने आकुंचनाबरोबर त्याच्या आतील दाब वाढतो व रक्तपुरवठा मंदावतो. फळ्याच्या वरच्या भागावर सलग लिहिणारे शिक्षक आणि छताला रंग देणारे कारागीर यांना हात गळून आल्यासारखे वाटते, ते काही अंशी यामुळे.

वेदना आधी की बिघाड आधी

स्नायूंची वाटणी बिघडल्यामुळे खांदा दुखतो, की खांदा दुखू लागल्यामुळे वाटणी बिघडते, या प्रश्नाचे एकेरी उत्तर नाही. निरोगी स्वयंसेवकांच्या ट्रॅपेझियस स्नायूत तीव्र खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन देऊन काही मिनिटांपुरती वेदना निर्माण केली असता, स्नायूचा दुखरा भाग माघार घेतो व दुसरा भाग ते काम उचलतो, असे प्रयोगांत दिसले. खांद्यात कोणताही बिघाड नसताना केवळ वेदनेने ही अदलाबदल घडली.

प्रारंभी ही अदलाबदल उपकारकच असते. काटा टोचलेल्या पायाने माणूस लंगडतो, ते त्या पायास जपण्यासाठीच. पण काटा निघाल्यावरही लंगडण्याची सवय राहिली, तर दुसरा पाय व कंबर दुखू लागते. खांद्याचेही तसेच आहे. दुखापत भरून येते, परंतु मेंदूने स्नायूंना दिलेली तात्पुरती आज्ञा मागे घेतली जात नाही. काही स्नायू राबून थकतात, काही न वापरल्याने दुर्बळ होतात आणि दुखणे टिकून राहते. कामगार टाळाटाळ करतो असे जे बाहेरून दिसते, ते पुष्कळदा त्याच्या इच्छेबाहेरचे असते. त्याचा मेंदूच त्या स्नायूला आवरून धरतो.

या आलेखांच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे आलेले नाहीत. दोन निरोगी माणसांच्या आलेखांतही पुष्कळ फरक असतो, आणि केवळ आलेखावरून एखाद्या व्यक्तीच्या दुखण्याचे निदान करता येत नाही. एम.आर.आय. तपासणीचीही हीच गोष्ट आहे. चाळिशी-पन्नाशीनंतर ज्यांचा खांदा मुळीच दुखत नाही, अशा अनेकांच्या कंडरांतही झीज किंवा चीर आढळते. चित्रात चीर दिसली म्हणजे दुखण्याचे मूळ सापडलेच, असे धरून चालता येत नाही.

उपचारांची दिशा

दुखऱ्या जागेतील हाड तासून जागा मोकळी करण्याची शस्त्रक्रिया अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर होत असे. तिची कसोटी ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर घेण्यात आली. काहींवर खरी शस्त्रक्रिया केली, काहींच्या सांध्यात दुर्बीण घालून केवळ पाहणी केली व काहींवर कोणताच उपचार केला नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार खरी शस्त्रक्रिया व नुसती पाहणी यांच्या गुणात अर्थपूर्ण फरक आढळला नाही. त्याच वर्षी फिनलंडमधूनही अशाच आशयाचा निष्कर्ष आला. मोठ्या अपघाती इजांत शस्त्रक्रियेची गरज पडते, हे खरेच. पण सामान्य जुनाट दुखण्यात तिचा आधार क्षीण ठरला आहे.

व्यायामाचे महत्त्व त्यामुळे वाढले. तो किती खर्चिक असावा लागतो, याचे उत्तर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ब्रिटिश अभ्यासाने दिले. खांदा दुखू लागून फार दिवस न झालेल्या ७०८ रुग्णांपैकी काहींना भौतिकोपचारतज्ज्ञाने एकदाच नीट समजावून सांगून घरी करण्याचे व्यायाम दिले. काहींना सहापर्यंत भेटींत पायरीपायरीने व्यायाम शिकविले. वर्षअखेर दोन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखीच होती. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने प्रारंभीच्या काही आठवड्यांत थोडा आराम पडला, पण वर्षाच्या हिशेबात त्याचा लाभ टिकला नाही. ज्याला वारंवार रजा घेऊन शहरात येणे परवडत नाही, त्याच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. एकदा योग्य मार्गदर्शन घेऊन पुढील काम घरी नेमाने करणे, हा मार्ग गरिबालाही खुला आहे.

असे मार्गदर्शन दुर्मिळ राहिलेले नाही. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९५५ साली हाजीअली येथे पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था निघाली. पनवेल तालुक्यात कामोठे येथील महात्मा गांधी मिशनच्या संस्थेत वैद्यकाबरोबर भौतिकोपचाराचेही शिक्षण दिले जाते. नोंदणीकृत भौतिकोपचारतज्ज्ञाची एक भेट, ही उपचाराची पहिली पायरी समजावी.

घरी करण्याच्या व्यायामांचे तत्त्व सोपे आहे. मागे राहिलेल्या स्नायूंना जागे करावयाचे व अति राबणाऱ्यांना सैल पडण्यास शिकवावयाचे. भिंतीसमोर उभे राहून खांद्याच्या उंचीवर दोन्ही तळवे टेकावेत आणि कोपरे न वाकविता भिंत पुढे रेटावी. पाते बरगड्यांवरून पुढे सरकते व सेरेटसला काम मिळते. कोपर कमरेशी टेकवून हाताचा पुढील भाग दाराच्या चौकटीवर बाहेरच्या दिशेने दाबून धरावा; सांध्यालगतचे लहान स्नायू त्यामुळे बळावतात. पुढे पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन, खांदा कानाकडे न चढू देता हात हळूहळू वर न्यावा. प्रत्येक व्यायाम थोडक्या आवर्तनांनी सुरू करून आठवड्यागणिक वाढवावा. करताना थोडे दुखले तरी भिण्याचे कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते शमले पाहिजे. न शमल्यास मात्रा कमी करावी. गुण येण्यास साधारण तीन महिने द्यावे लागतात. शेक व मालिश यांनी तात्पुरता आराम मिळतो. त्यांचा उपयोग व्यायामास साहाय्यक म्हणून करावा.

काही लक्षणे दिसताच मात्र विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. पडल्यानंतर हात अजिबात उचलता न येणे, खांदा सुजून ताप येणे, विनाकारण वजन घटणे, हातात बधिरता किंवा अशक्तपणा येणे, ही ती लक्षणे होत. छातीत दडपण व घाम यांच्यासह खांदा दुखू लागल्यास ते हृदयविकाराचे चिन्ह असू शकते. चाळीस ते साठ या वयात खांदा हळूहळू आखडत जाऊन दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल, तर तो गोठलेला खांदा समजावा. मधुमेहींत तो अधिक आढळतो, म्हणून अशा वेळी रक्तातील साखर तपासून घ्यावी.

कामाची मांडणी

खांदा सुधारून माणूस पुन्हा त्याच कामावर, त्याच पद्धतीने जुंपला गेला, तर सुधारणा टिकत नाही. उपचाराचा अर्धा भाग दवाखान्याबाहेर आहे.

डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली स्वतंत्र कायदा केला आणि त्यांच्या रोजगाराचे नियमन व कल्याण यांसाठी मंडळांची तरतूद केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने उचलावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो सुचविली आणि स्त्रियांसाठी ती याहून बरीच कमी असावी, असे म्हटले. क्विंटलभर वजनाच्या गोणीच्या जागी ५० किलोंची गोणी आली, ही त्या दृष्टीने सुधारणाच होय. पण ५० किलोंची गोणी जमिनीवरून एकट्याने उचलणे आणि कमरेइतक्या ओट्यावरून खांद्यावर घेणे, यांत खांद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. रास्त भावाचे दुकान, सहकारी सोसायटीचे गोदाम किंवा बाजाराचे आवार बांधताना मालमोटारीच्या उंचीचा ओटा, एक हातगाडी आणि गोणी दोघांनी मिळून उचलण्याची शिस्त, एवढ्याने पुष्कळ खांदे वाचू शकतील.

ग्रामपंचायतीच्या हाती याहूनही साध्या गोष्टी आहेत. सार्वजनिक नळाजवळ हंडा ठेवण्यास कमरेच्या उंचीचा कट्टा असला, की भरलेला हंडा जमिनीवरून उचलावा लागत नाही. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनचा विचार करताना लिटरांबरोबर उचलाव्या न लागलेल्या हंड्यांचाही हिशेब केला पाहिजे. डोक्यावरील ओझ्याखाली चुंबळ असली, तरी मोळी सावरण्यासाठी हात वर धरावाच लागतो. वाटेत ओझे टेकविता येईल असे उंच दगडी टेके पूर्वी वाटांवर बांधीत. वाडीकडे जाणाऱ्या पायवाटेवर तशी सोय आजही करता येईल. झोडणीच्या हंगामात पायाने चालणारे मळणीयंत्र गटामार्फत भाड्याने मिळाले, तर हात डोक्यावर नेऊन भारा आपटण्याचे श्रम वाचतात.

शाळेत फळ्याचा वरचा पट्टा सलग लिखाणासाठी वापरू नये. लिहिताना मधूनमधून हात खाली सोडून विद्यार्थ्यांशी बोलावे; शिकविणेही त्याने अधिक जिवंत होते. दप्तर दोन्ही खांद्यांवर समान बसेल असे असावे. कचेरीत संगणकाचा पडदा नजरेसमोर आणि टेबल कोपराच्या उंचीवर असावे, हात टेकण्यास आधार असावा. तासाभराच्या सलग बैठकीपेक्षा दर वीस-तीस मिनिटांनी घेतलेला क्षणभराचा विसावा गुणकारी ठरतो. असा विसावा घेणारा कर्मचारी वेळ दवडतो, असे वरिष्ठांनी मानू नये.

एखादा कामगार खांदा दुखत असल्याची तक्रार घेऊन आला, तर त्यास सक्तीची पूर्ण विश्रांती देऊन घरी बसविणे हितावह नाही, आणि पूर्वीचेच काम करण्यास भाग पाडणेही नाही. काही आठवडे खांद्याच्या पातळीखालचे, हलके व आलटूनपालटून करावयाचे काम देणे हा मधला मार्ग होय. त्यात त्याची मजुरी बुडत नाही, हात आखडत नाही आणि कामावरील अनुभवी माणूसही टिकून राहतो.

दुखऱ्या खांद्यात काही स्नायूंवर भार अधिक पडतो, काही मागे राहतात आणि काहींना विसावाच मिळत नाही. गोदामात, शेतात व कचेरीतही अनेकदा हेच घडत असते. खांद्याच्या आतील वाटणी व्यायामाने हळूहळू पूर्ववत होते. बाहेरची वाटणी मात्र कामाची आखणी करणाऱ्यांनाच सुधारावी लागते. पुढच्या ग्रामसभेत नळाजवळच्या कट्ट्याचा विषय निघाला, तर तो आरोग्याचाच विषय आहे हे ध्यानात घेऊन त्यास मंजुरी द्यावी.